शेवटचं उघडलं

दार तुटलेलं नव्हतं. कडी होती तशी.
दांडिया बाजारातल्या दुसऱ्या मजल्यावर
माझ्या खुर्चीतली उशीसुद्धा
माझ्याच वजनाची चेपलेली.
फक्त सकाळी नानखटाईवाल्या पारेखांचा फोन:
‘बेन, नव्या खात्यात भरले हं, शहाऐंशी हजार.’

कुठलं नवं खातं?

एकवीस वर्षं मी लोकांचे हिशेब लिहिते.
पैचा मेळ बसला नाही तर
घास उतरत नाही मला.
आणि माझ्या नावानं, माझ्याच पत्त्यावरून
कुणी सोळा जणांना पत्रं धाडलेली,
नम्र, नेटकी, खाली ‘तब्येत जपा’ सुद्धा.
ते मी लिहिते नेहमी, पारेखांना साखर आहे म्हणून.
म्हणजे तो वाचत बसला होता.
घाई न करता,
पोरानं कित्ता गिरवावा तसा
मला गिरवत.

मांडवीहून हितेन आला स्कूटरवर,
कानावर पेन्सिल खोचावी तसा स्क्रूड्रायव्हर.
‘मासी, पासवर्ड शुं हतो?’
रिटर्न भरायला आलेले दोघं बाकावर बसलेले,
म्हणून कागदावर लिहून दिला.
त्यानं मोठ्यानं वाचला:
‘ठमाबाई सत्याऐंशी.’
हसला. ‘आ तो बहु सहेलो. कोई पण तोडी नाखे.’

कोई पण.
जगात एकच माणूस मला ह्या नावानं हाक मारायचा,
तीही जिन्याखालून, किल्ली विसरला की.
सहा वर्षं झाली,
कुणी किल्ली विसरत नाही.

मग हितेन दाखवत गेला, बोट लावून:
अकरा ऑगस्टपासून आत आहे हा.
रात्री अडीचला. तीनला. सव्वातीनला.
पलीकडच्या खोलीत काहीतरी घुमायचं खरं,
मला वाटायचं, शेजारच्या शास्त्रींचा फ्रीज.
माझ्या गुडघ्याचा एक्स-रे पाहून झालेला,
नणंदेला लिहून न पाठवलेलं पत्रही,
ज्यात मी तिला नको ते बोलले आहे.
पाहू दे.

‘इतर’ नावाच्या फोल्डरमध्ये एक ध्वनिफीत होती.
त्रेचाळीस सेकंदांची.
भालचंद्रनं दवाखान्यातून, मी डबा आणायला गेले होते तेव्हा,
स्वतःच्या फोनवर बोलून ठेवलेली.
मी ती इथे उतरवून घेतली
आणि ऐकली नाही.
उद्या, म्हटलं. दिवाळीनंतर म्हटलं.
सहा वर्षं म्हटलं.

शेवटचं उघडलं: दोन ऑक्टोबर,
पहाटे तीन वाजून वीस.

पैशांचं निभावलं.
मुदतठेव मोडून पारेखांना दिले,
ते नको नको म्हणाले आणि घेतले.
पण हितेन, हे सांग,
त्यानं सगळं ऐकलं, की मध्येच बंद केलं?
‘ए खबर ना पडे, मासी.’
त्याला मराठी येत असेल का रे?
हितेन तारा गुंडाळत राहिला.

कुठल्या गावचा, किती वर्षांचा, जेवला होता का नव्हता,
त्याला ठाऊक आहे आता तो शेवटचा आवाज.
खोकला होता का मध्ये.
मला हाक मारली होती का,
आणि कुठल्या नावानं.
शब्द कळले नसतील तरी
नाव कळतंच माणसाला.
मग वाटतं, मूर्ख आहेस. त्याला खातेक्रमांक हवे होते.
मग पुन्हा वाटतं.

‘बधुं साफ करी नाखुं?’
थांब, म्हटलं. एवढं एक काढून दे.
करंगळीएवढ्या पेनड्राइव्हमध्ये त्यानं ते दिलं,
वर नवा पासवर्डही दिला,
ज्यात कुणाचंच नाव नाही.
तो मी डाळीच्या डब्याच्या झाकणाखाली चिकटवलाय.

तीन वाजून वीस.
संगणकाची तार भिंतीतून उपसलेली.
पेनड्राइव्ह मुठीत, टोपण न काढता.
पलीकडून घुमतंय काहीतरी,
आणि आता तो खरोखर
शास्त्रींचा फ्रीज आहे.