जिभेवरचा पुरावा

सकाळी सात. ओटची पेज, वर मूठभर ब्लूबेरी,
फ्रीजरमधून आत्ता काढलेल्या, अंगावर बर्फाची लव.
यालमारी विचारतो, "माझं खाणं झालं का?"
मी म्हणते, "जीभ दाखव."
तो आरशात बघतो. जांभळी.
"झालं तर मग," म्हणतो,
आणि तरीही वाडगा पुढे सरकवतो.

छत्तीस वर्षं मी कैनूच्या या जंगलपट्टीत नर्स होते.
उन्हाळ्यात सायकल, बाकीचे सात महिने स्की.
पोट बिघडलेल्या किती पोरांना
वाळवलेल्या बेरींचा काळा तुरट काढा
नाक दाबून पाजलाय.
आयांचा विश्वास काढ्यावर, माझा पाण्यावर आणि मिठावर.
पोरं बरी व्हायची. श्रेय कुणाचं, यावर
आम्ही कधी भांडलो नाही.
डोळ्यांना चांगली, असंही म्हणतात.
जन्मभर खाल्ली,
चष्मा मात्र जाडच होत गेला.

आता पेपरात रकाने येतात:
रक्तवाहिन्यांना बरी, आठवणीला बरी,
त्या रंगातच काहीतरी आहे म्हणे.
कात्रण घेऊन डॉक्टर पेल्कोनेनबाईंकडे गेले.
त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, हा त्यांचा चांगुलपणा.
"द्या की. नुकसान काहीच नाही.
पण सायमी, तुम्ही नर्स होतात."
होते.
म्हणून तर मोजून देते.

आमच्याकडे माणूस शेजाऱ्याला घराची किल्ली देईल,
बेरीची जागा सांगणार नाही.
यालमारीने मलाही सांगितली नाही, एकेचाळीस वर्षं.
बादली घेऊन एकटा जायचा, दोन भरून आणायचा.
एकदा मी मागे मागे गेले, तर मुद्दाम
मला दलदलीच्या कडेला फिरवत ठेवलं
आणि संध्याकाळी घरी विचारलं, "बूट कशाने भिजले गं?"

या ऑगस्टात त्याने खुंटीवरची लाल फणी उतरवली.
माझं नाव तर ईस्टरपासूनच हरवलेलं होतं.
पायांनी मात्र काही विचारलं नाही.
दलदलीवरच्या फळ्या, शिकाऱ्यांचा मोडका मनोरा,
दुभंगलेला खडक, त्यावर चढलेलं शेवाळ,
आणि पलीकडे स्प्रूसच्या सावलीत
गुडघ्याइतकी झुडपं, निळीच निळी,
जणू कुणी पाटीभर संध्याकाळ ओतून विसरून गेलंय.

तो गुडघ्यांवर बसला. फणी चालू लागली,
खरर, खरर, पानं वेगळी, फळं वेगळी,
एकही हिरवं नाही.
मी डास हाकलत उभी.
मग त्याने वर पाहिलं. जरा चपापला.
"बाई, तुम्ही भल्या दिसता. घ्या हव्या तेवढ्या.
फक्त एक करा, माझ्या बायकोला सांगू नका.
तिला कळलं ना, तर गावातल्या
सगळ्या आजारी पोरांना वाटून टाकील."
आणि थोडं थांबून,
"तशी ती चांगली आहे."

मी म्हटलं, नाही सांगणार.

रात्री राईच्या पिठाची पाई भाजली.
ओव्हनच्या काचेवर रस उतू जाऊन करपला,
घरभर गोड जळका वास.
यालमारी बादलीत डोकावला,
खालपासून वरपर्यंत बघत राहिला.
"एवढ्या? कुठं सापडल्या तुला?"

मी जीभ दाखवली.