एक तृतीयांश

सारसोळे जेट्टी. ओहोटी.
कॅमेऱ्यात नऊ घरांची जाळी लावली,
क्षितिज खालच्या रेषेवर बसवलं,
आणि जाळं विणत बसलेल्या पोशीबायला
पार उजवीकडे घेतलं,
दोन रेषा छेदतात तिथं नेमका तिचा हात.
बाकी मोकळी खाडी.
डाव्या टोकाला धुरकट टॉवर.

स्क्रीन दाखवली.
फाटल्या घरात बोट तसंच ठेवून
तिनं निरखून पाहिलं.
"माना कडंला कशाला सारलंस रं?"

म्हटलं, नियमच आहे, मावशी.
माणूस मधोमध नको.
एक तृतीयांश त्याचा,
उरलेली जागा नजरेला फिरायला.

"तिसरा हिस्सा?" ती हसली.
"बराय की तुजा नियम.
आमाला साडेबाराच टक्के
कागदाव दिलंन."

गाठ मारली. दातानं सूत तोडलं.

मी फोटो मोठा करून पाहिला.
क्षितिज जरासं कललेलं,
टॉवरांच्या बाजूला.