ग्वाल्हेरमधला ह

आमच्या घरात मुलं आधी उलटं वाचायला शिकत,
मग सुलटं.
दौलतगंजच्या बोळात, जिन्याखालच्या दुकानात
बापू पितळेत अक्षरं खोदायचे:
काना डावीकडे, वेलांटीची पाठ फिरवलेली.
आरसा लागायचा नाही त्यांना.

दरबारचे शिक्के तीन पिढ्या आमच्याकडे.
जकात, तुरुंग, जंगलखातं, छोट्या रेल्वेचा मालधक्का,
प्रत्येकावर दोन नाग आणि मधे सूर्य.
नागाला खवले एका बाजूने अकरा,
हे आजोबांनी ठरवलेलं.
का अकरा, ते सांगायचं राहून गेलं.

अठ्ठेचाळीसचा मे. लू अशी
की डबीतली लाख दुपारी आपली आपणच पाघळायची.
गोरखीच्या कचेरीतून रमजानी चिठ्ठी घेऊन आला.
वीस-बावीस संस्थानांचं एक राज्य झालंय,
त्याला शिक्का हवा.
शुक्रवारपर्यंत.

चिठ्ठीतलं नाव म्हणजे नाव नव्हतं, वरात होती:
ग्वालियर, इंदौर, मालवा, संयुक्त, राज्य,
आणि मागून धापा टाकत कंसात मध्यभारत.
बापूंनी दीड इंचाच्या गोलावर कर्कटक टेकवलं,
बराच वेळ बघितलं,
म्हणाले, "इंदूरकरांनी जरा सरकून बसावं."

दोन रात्री कंदील जळला.
चिठ्ठी हिंदीत होती, हात मराठीत.
सकाळी मेणावर ठसा उमटला तेव्हा
भटनागरबाबूंनी चष्मा कपाळावर चढवला.
"ये क्या है? ग्वाल्-हे-र?
देश बन रहा है, भिवाजी, और आप बीच में ह डाल रहे हैं!"
"साहेब, आम्ही पहिल्यापासून असंच म्हणतो."
"तो घर में कहिए."

पितळेत गेलेलं अक्षर उपटता येत नाही.
एक ह काढायचा
तर अख्खं राज्य कानशीने घासावं लागतं.
बापूंनी नवा तुकडा घेतला.

मग जुन्यांचा हुकूम आला.
सगळे शिक्के रद्द, तोंडावर तिरपी रेघ,
रेघ मारून जमा करावेत.
त्या दुपारी आम्हांला दुकानाबाहेर काढलं.
पायरीवर बसून मी हातोडीचे घाव मोजत होतो.
एक्केचाळिसाव्याला बर्फवाला आला
आणि मोजणी चुकली.
संध्याकाळी बापू जेवायला बसले,
आमटीत मीठ नाही म्हणाले.
होतं.

चुकलेला शिक्का आईने स्वयंपाकघरात नेला.
माझ्यासाठी एक छोटी पोळी लाटायची
आणि तव्यावर टाकण्याआधी त्याने दाबायची.
अक्षरं वर उठायची, आणि वर उठलेली म्हणून
तीच आधी करपायची.
पोळी फुगली की संयुक्त राज्य टरारून ताणलं जाई,
मग कुठूनतरी वाफ निघायची, फुस्स.
मी माळव्यापासून सुरुवात करायचो.
ह शेवटी.

बापूंनी विचारलं होतं भटनागरबाबूंना, एकदाच,
"हे किती वर्षं चालेल? म्हणजे पितळ त्या हिशेबाने घेतो."
"हमेशा," ते म्हणाले होते. मनापासून म्हणाले होते.

साडेआठ वर्षांनी रमजानी पुन्हा बोळात वळला,
आता दाढी पांढरी, सायकल तीच.
राजधानी भोपाळ, दफ्तरं ट्रकात भरली जातायत,
नाव: मध्यप्रदेश.
बापूंनी कर्कटक फिरवलं. खूश झाले.
"हे बसतं बघ. बाजूला जागासुद्धा उरते."
त्या उरल्या जागेत काय घालायचं
हे चिठ्ठीत नव्हतं.
त्यांनी वेलबुट्टी काढली,
बारीक, भिंगाखाली धरल्याशिवाय दिसू नये अशी.
मी भिंगाखाली धरलंय.
पानं एका बाजूने अकरा आहेत.