पांढरं फडकं

आमच्या रविवारच्या सहलीला टोपली असायची.
टोपलीत काळा पाव, उकडलेली अंडी, काकडी
आणि एक मीटर रुंद पांढरं फलालीन.
बाबा ते काठीला बांधून गवतावरून ओढत चालायचे,
बर्चच्या झाडांखालून, हेझलच्या झुडपांतून,
जणू कुणा न दिसणाऱ्या नवरीचा घोळ सांभाळत.
मागे मी, माझ्यामागे तानेल, हातात चिमटा.
दर वीस पावलांना थांबायचं, फडकं उलटायचं,
चिकटलेले गोचीड कुपीत टाकायचे,
मोठ्याने मोजायचे.
मी शंभरपर्यंतचे आकडे असेच शिकले.

तार्तूतल्या बाकीच्या मुलांचे वडील मासे धरायचे.

बाबांनीही धरले. म्हणजे, एक हिवाळा.
पेइप्सी तलावाच्या बर्फाला भोक पाडून
दोन मासे पकडले आणि एक सर्दी.
मग ट्रॉम्बोन. मग मधमाश्या. मग बंद पडलेली घड्याळं,
स्वयंपाकघरात चौदा, प्रत्येकाचं मत वेगळं.
मग होडी, जिला तळ होता आणि एकच बाजू,
जिच्यात आईने शेवटी बटाटे लावले.
"एक ना धड," आई म्हणायची, "भाराभर चिंध्या."
पण ट्रॉम्बोनच्या नळीला तेल तीच द्यायची,
आणि पोळ्यांना दिलेल्या धुराचा वास
तिच्याच केसांना यायचा.

इस्पितळातलं ते घरी बोलत नसत.
एकदाच बोलले, घड्याळात मान घालून:
मेंदूज्वरातून उठलेली एक शिक्षिका आहे,
झाडांची लॅटिन नावं धडाधड सांगते,
मुलगी समोर आली की विचारते,
आपण कुणाकडे आलात?
बारीकसा स्क्रू खाली पडला.
कुणीच तो शोधला नाही.

अकरा उन्हाळे. सत्तावीस हजार गोचीड.
बाबांचा तर्क साधा होता: ज्या साली बर्फ कमी,
त्या साली थंडी उघड्या मातीत शिरणार, गोचीड मरणार,
पुढच्या उन्हाळ्यात तापाचे रोगी घटणार.
आलेखावरची रेघ मात्र
जेवून पडलेल्या कुत्र्यासारखी आडवी.
त्यांनी ते तसंच छापलं. चार पानं.
शेवटचं वाक्य: आमचा अंदाज चुकला.
"'आमचा' का?" आईने विचारलं.
"मोजायला सगळेच होतो ना."
त्या रात्री त्यांनी राईचा पाव केला,
तोही फुगला नाही,
आम्ही लोणी लावून संपवला.

खरं तर मला आठवतात त्या सहलीनंतरच्या संध्याकाळी.
अंगणात सौना तापत असायची, आणि त्याआधी
बाबा आम्हाला एकेकाला दिव्याखाली उभं करायचे:
कानामागे, काखेत, गुडघ्याच्या लवणीत, बेंबीत,
मग केसांत बोटं घालून, भांग पाडत पाडत, न बोलता.
आईलाही. तिला गुदगुल्या व्हायच्या,
ते म्हणायचे, "वाइके, हलू नकोस, ही तपासणी आहे,"
आणि तपासणी जरा लांबायची.
तुमच्या घरी प्रेम बोलून दाखवायची पद्धत होती का,
असं नवऱ्याने मला लग्नाआधी विचारलं होतं.
म्हटलं, नाही. गोचीड शोधायची होती.

आई जाऊन आता चार वर्षं झाली.
मधमाश्यांना ते सांगायला बाबा एकटेच गेले होते,
प्रत्येक पेटीवर टकटक करून.
यंदा त्यांनी दुर्बिणीचा आरसा घासायला घेतलाय,
वय अठ्ठ्याहत्तर, आरसा पूर्ण व्हायला
त्यांच्याच हिशेबाने नऊ वर्षं.
काल बागेतून आले, कॉलरला गवताचं कुसळ.
मी खुर्ची दिव्याखाली ओढली. बसले निमूट.
कानामागची कातडी पातळ, कागदासारखी,
मानेवर जुना व्रण, तो कसला ते मी कधी विचारलंच नाही.
केस विरळ, शोधायला वेळ लागला नाही,
तरी मी लावला.

"किती?"
"काही नाही, बाबा. शून्य."
"मग लिही की," ते म्हणाले, "शून्यसुद्धा लिहायचं असतं."