वीस तारीख

जोडलंय, म्हणतो.
कोपऱ्यातल्या कमानी सगळ्या भरलेल्या,
आणि एक पान उघडत नाही.

आज वीस तारीख. रात्री बाराच्या आत
दोन दुकानांचे थ्री-बी भरायचेत,
जांभळी नाक्यावरचं भांड्यांचं, उथळसरचं रंगांचं.
भांडीवाल्यानं बिलं दिली तीही आज दुपारी, जिलेबीच्या कागदात.

राऊटर बंद केला, तीस आकडे मोजले, चालू केला.
पुन्हा केला, साठ मोजले, उगाच.
वायरचं टोक फुंकलं, माहेरी कॅसेट फुंकायचो तसं.
पाण्यात लहरी बुडतात असं कुणीसं म्हणालं होतं,
म्हणून माशांची पेटी सरकवली.
मासे बिथरले. पान आलं नाही.

मग लॅपटॉपच उचलून नेला राऊटरपाशी,
चपलांच्या स्टँडवर, तिथून ओट्यावर, तिथून देवांसमोर.
याची बॅटरी केव्हाच गेली आहे.
वायर उपटली की मरतो, लावली की जन्मतो.
संध्याकाळभरात सात वेळा जन्मला.

यादीत सगळी बिल्डिंग दिसते:
सावंत ३०१, दळवी न्यू, फुकट मिळणार नाही.
प्रत्येकापुढे कुलूप.
आमच्या कुलपाला यांच्या स्कूटरचा नंबर.
स्कूटर विकून सहा वर्षं झाली,
हे मस्कतला गेले त्याला आठ.
नंबर तेवढा बोटांना पाठ आहे.

केबलवाल्या रोहिदासला फोन केला.
"ताई, मोबाइलवर चालतंय?"
चालतंय.
"मग आमच्याकडून ओके आहे."
खरं होतं ते, म्हणून जास्त राग आला.

साडेआठला पिशवीत घालून खाली उतरले.
कॉम्प्युटरवाल्याच्या दाराला पाटी: पातलीपाड्याला गेलो आहोत.
जिन्याखाली हुझैफाकाका घड्याळांवर शटर ओढत होते.
"दाखव तर," म्हणाले, भिंग अजून डोळ्यालाच.
इंटरनेटबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.
धंद्याच्या सवयीनं थेट खालच्या कोपऱ्यात पाहिलं,
जिथं मी कधी बघत नाही.
"बेटा, हा तर एक जानेवारी दोन हजार तेरात बसलाय."

तेरा साली जीएसटी जन्मायचा होता.
सरकारी पान दारातच विचारत असणार, आज तारीख काय,
हा अगदी प्रामाणिकपणे चुकीची सांगत असणार,
आणि दार लागत असणार.
दर वेळी वायर उपटून मीच त्याला मागे ढकलत होते.

तेरा साली हा नवाकोरा होता.
मी हात लावायचे तो पुसण्यापुरता.
कागदावर जिथं फुली असेल तिथं सही करायचे.

काकांनी नऊ स्क्रू काढले, चहाच्या बशीत ठेवले.
पोटातून रुपयाएवढा सेल निघाला, मेलेला.
"मनगटाचा काय, मांडीवरचा काय,
घड्याळ ते घड्याळ. पन्नास दे."

वर येऊन तारीख हातानं लावली.
बाण दाबत गेले: चौदा, पंधरा, सोळा.
सतराला बोट थांबलं. तसं कारण नव्हतं.
मग पंचवीस येईतो बाण सोडलाच नाही.

पान उघडलं, जसं काही कधी बंदच नव्हतं.
ओटीपी आला. रंगवाल्याचं अकरा दहाला गेलं,
भांडीवाल्याचं अकरा अडतीसला,
कढया आणि टोपांच्या बेरजेत सतरा रुपयांचा फरक होता, तो सापडला.
नंतर लॅपटॉप म्हणाला, एकशे बेचाळीस सुधारणा बाकी आहेत.
म्हटलं, उद्या.

जुना सेल पर्सच्या सुट्या पैशांत राहून गेला.
परवा घंटाळीला कोथिंबीरवाल्यानं
तो दोनदा उलटा करून पाहिला, परत दिला.
मागे रांग होती.
मी रुपया शोधत राहिले.