उजवीकडची गल्ली

अक्कलकोट रोडच्या टॉवेल गोदामात
मी चलनं लिहायची, इरय्या गठ्ठे लावायचा.
लाइट गेली की शेजारचे साठ माग एकदम गप्प,
खडखडाट नुसता कानात उरायचा.
अशाच एका दुपारी त्याला माझा ब्रिक गेम दिला,
मागचं झाकण चिकटपट्टीनं बांधलेला.

आठवड्यात त्यानं तुकड्यांना नावं ठेवली:
लांब ती कांडी, चौकोनी तो गठ्ठा,
दोन कोयते, त्यातला एक डावखुरा,
दोन नागमोडी ("ह्या दोघी सासरकडच्या")
आणि मधे बोंडी आलेली टोपी.

"अक्का, डोंगर करतीस की गं.
सपाट ठेव, भाकरीवानी.
नऊ पट्टे भर, उजवीकडची गल्ली मोकळी सोड.
कांडी तिथनंच उतरती, चार रांगा घेऊन जाती."
आणि नाही आली तर?
"किती थांबायचं ते आधीच ठरीव.
माझं सहा रांगा. सातवीला कोयता अडकवायचा.
गल्लीचं तोंड बुजू दे, दोन रांगा तर उडतात.
मागनं उकरू."

पडणाऱ्या तुकड्याकडे तो बघायचाच नाही.
त्याचं ठरलेलंच असायचं.
डोळा कोपऱ्यात, पुढच्यावर.

एकदा त्यानं भर सपाटीवर छज्जा काढला,
खाली पोकळी. मी म्हटलं, चुकलास.
तो काही बोलला नाही. तीन तुकडे आले, गेले.
मग टोपी भिंतीला धरून उतरली,
अगदी तळाशी टेकता टेकता वळली
आणि छज्जाखाली शिरली,
मांजर फडताळात शिरावं तशी.

त्याच संध्याकाळी जहीराबादचा टेम्पो.
ड्रायव्हर म्हणाला, भरला, आता सुईला जागा नाही.
एक गठ्ठा खाली उरलेला.
इरय्यानं फाळक्याजवळ, तिसऱ्या थराखाली
सकाळपासून एक तोंड उघडं ठेवलेलं.
गठ्ठा आडवा सरकवला, शेवटच्या वितीला फिरवला,
खांदा लावला.
मी चलनावर आकडा खोडला नाही.

हरायचाही तो. रोजच.
पण नवा डाव लगेच लावायचा नाही.
वरपर्यंत भरलेला पडदा मांडीवर धरून
नखानं खालून पाचवी रांग दाखवायचा:
"हितं. लई आधी. बघ."
लाइट यायची, साठ माग सुरू व्हायचे,
मालक हाक मारायचा,
त्याचं नख तिथंच.