मासळीच्या खोक्यात माठ

सर्जेकोटच्या जेटीवरून उचलून आणली ती खोकी,
थर्माकोलची, कोपरे खाल्लेली,
एकावर निळ्या शाईत कुणाच्या बोटीचं अर्धं नाव.
धुतली. आधी चुन्याच्या निवळीने, मग साबणाने,
मग नुसत्या उन्हाने.
तरी पहिला आठवडाभर पाण्याला सुरमईचा वास
आणि मांजर भोवती फिरत राहिलं,
पालेभाजीकडे कधी नव्हे त्या आशेने बघत.

झाकणाला भोकं पाडली सोळा,
तापवलेल्या पायपाच्या तुकड्याने.
भोकात चहाचे कप, कपांच्या तळाला चिरा,
कपात सोडणाचा भुसा, भुशात बी.
खाली पाणी. पाण्यात औषध, दोन बाटल्यांतलं,
एकमेकांत थेट ओतायचं नाही
हे भाच्याने फोनवर तीनदा बजावलेलं.

मनोरमा दारातून म्हणाली,
"माती नाय? मगे ह्यां उभां कसां रवतलां?"

मी बत्तीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनपाशी काढली.
पायाखाली जमीन नसताना उभं कसं राहायचं
हे मला विचारू नये कुणी.

भाच्याचा मीटर पेनाएवढा.
विहिरीच्या पाण्यात बुडवला, तर अठराशे म्हणाला.
मी जीभ लावली: मचूळ.
आईची जीभही मार्चपासून मचूळच म्हणायची,
पण तिच्या जिभेला आकडा नव्हता,
म्हणून ग्रामपंचायतीत कुणी लिहून घेतलं नाही.

तेराव्या दिवशी झाकण उचललं.
मुळं.
पांढरी, म्हाकुलाच्या पायांसारखी लोंबती,
न गुंतलेल्या जाळ्यासारखी.
साठ वर्षांत मूळ बघितलं ते उपटलेलंच:
तणाचं, मुळ्याचं, वादळात आडव्या झालेल्या माडाचं.
जिवंत, आपल्या कामात असलेलं मूळ
पहिल्यांदाच.
झाकण लगेच खाली ठेवलं,
कुणाच्या न्हाणीत चुकून डोकावल्यासारखं.

शेजारच्या पास्कोलला हसत सांगितलं,
आमच्या नावाचा सातबारा नाही.
घराखालची पुळण सरकारची,
मागचे चार माड खोताच्या नातवाचे,
आणि दर्याला तर सातबाराच नसतो.
आजा पाण्यावर जगला, बाप पाण्यावर, मी पाण्यावर,
आता माठसुद्धा.
पास्कोल हसला नाही.
म्हणाला, लाइट गेली तर पंपाचं काय?

गेली. पाडव्याच्या आदल्या रात्री, वारा नसताना.
पंपाची गुरगुर थांबली की जी शांतता पडते
ती माझ्या ओळखीची:
वीस वावांवर मशीन बंद पडल्याची.
हवा नसेल तर ही मुळं
पाण्यात राहून पाण्यातच बुडतात.
मग तांब्याने पाणी उचलायचं, हातभर उंचीवरून सोडायचं
फेस येईल असं. उचलायचं. सोडायचं.
अकराला माझा खांदा गेला,
तोच, विंचच्या दोराने कधीतरी उखडलेला.
मनोरमाने न बोलता तांब्या घेतला.
बोलली ती एकच्या सुमाराला,
"पोरांसाठी पण इतकां जागलंव नाय आपण."
लाइट पावणेचारला आली.
बारा रोपं तगली, चार गेली.

पुढच्या रविवारी तिने माठ खुडला,
सुकट घालून केला.
मी माझा घास हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.
"चव आसा," ती म्हणाली.
मग बऱ्याच वेळाने, ताटं धुताना, पाठमोरी:
"मातयेचो वास मात्र नाय."

आज सकाळी
रिकाम्या चार कपांपैकी एकात
बोटभर लाल माती होती.
पाणी जरासं गढूळलंय,
मीटरचा आकडा थोडा वर सरकलाय.
भाच्याला अजून कळवलेलं नाही.